पाटलाले फास बसला

सर्व संबंधितांस या लेखाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, वाशीम जिल्ह्यातील एका गावचे पोलीस पाटील गळफासाने अत्यवस्थ असल्याच्या खबरीवरून प्रस्तुत लेखक, तत्कालीन ठाणेदार, शासकीय वाहनाने, सपत्नीक, घटनास्थळी रवाना झाला. आणि घटनास्थळी पोचल्यावर सदर पाटील बशीत ओतून चहा पिताना मिळून आले.

'मिळून आले' हा आमच्या खात्याचा लाडका शब्द. प्रेत मिळून येते, मुद्देमाल मिळून येतो, आरोपी मिळून येतो. चहा पिणारा मयत मात्र माझ्या उभ्या नोकरीत एकदाच मिळून आला, आणि त्यामुळे ती दुपार अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. गावाचे नाव सांगणार नाही, माणसांची तर नाहीच. मी पन्नाशीतच स्वेच्छानिवृत्ती घेऊन मोकळा झालो; पण ती माणसे अजून तिथेच राहतात.

मी मूळचा सोलापूरकडचा. आमच्याकडे चार बाभळी जवळजवळ उभ्या राहिल्या की लोक त्याला बन म्हणतात. मानोऱ्याच्या बाजूच्या एका ठाण्यात माझी बदली झाली, तेव्हा हद्दीच्या नकाशावर एक मोठा हिरवा डाग दिसला. हे काय, म्हणून विचारले, तर जमादार म्हणाले, "जुनं रान." एवढेच. राखीव वन, संरक्षित क्षेत्र वगैरे नावे वनखात्याच्या कागदावर होती, पण गावांनी ते रान सरकारच्या कितीतरी आधीपासून राखले होते. आत एका दगडी ओट्यावर शेंदूर लावलेला देव आहे. त्याच्या हद्दीत कुऱ्हाड न्यायची नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. मोह आणि अंजनाची झाडे इतकी जुनी, की खोडाला दोघांनी दोन्हीकडून मिठी मारली तरी बोटांची भेट होत नाही.

माझी पत्नी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. आल्या दिवसापासून तिने त्या हिरव्या डागाचा पिच्छा पुरवला होता. मी आज नेतो, उद्या नेतो म्हणत होतो, आणि दर वेळी कुठेतरी बंदोबस्त लागत होता. शेवटी एका हिवाळ्यातल्या रविवारी, वनरक्षकाला आधी कळवून, आम्ही दोघे जुन्या रानात शिरलो.

आत गेल्यावर थोड्याच वेळात झुडपांतून एक राखाडी, उंचेपुरे जनावर बाहेर आले. मी म्हणालो, घोडा. पत्नी म्हणाली, नीलगाय. वनरक्षक म्हणाला, "रोही हाये, साहेब." एका जनावराला आम्ही तिघांनी तीन नावे दिली, आणि ते आमच्याकडे पाठ फिरवून निघून गेले. पुढे चितळांचा कळप दिसला, सायाळीचा काटा सापडला, एक मोर आमच्या डोक्यावरून असा फडफडत गेला की मी खाली वाकलो. पत्नी खूश होती. तिने मोठ्याने विचारले, "इथे बिबट्या आहे ना?" वनरक्षकाने आपल्या बुटांकडे पाहिले, आणि मोहाचे झाड किती जुने असते ते सांगायला लागला. मला वाटले, त्याला कमी ऐकू येते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ठाणे अंमलदार बोलत होता. स्टेशन डायरीला घेतलेली नोंद त्याने जशीच्या तशी वाचून दाखवली. अमुक गावातून एका बाईचा फोन, नाव सांगत नाही, म्हणते, "पाटलाले फास बसला. जीव हाये अजून. लवकर या, नाईतर मरते तो." यानंतर फोन बंद. गावच्या पोलीस पाटलांना अंमलदाराने लगेच फोन लावला, तर तोही लागत नव्हता.

फासाची खबर आली की पोलिसाच्या पायांत वारे भरते. मनुष्य मयत असेल तर गाठ सोडायची नाही, दोर वरच्या बाजूने कापायचा, कारण गाठ हा पुरावा असतो. जिवंत असेल तर पुरावा गेला खड्ड्यात, आधी दोर कापायचा. इथे जीव होता. मी वनरक्षकाला तिथेच सोडले आणि गाडीकडे पळालो; चालक गाडीपाशीच थांबला होता. पत्नीला आधी घरी पोचवायला वेळ नव्हता, दुसरी गाडी नव्हती, आणि उतरण्याची तिची इच्छा तर अजिबात नव्हती.

इंझोरीच्या फाट्यावर जमादार गाडीत चढले. चढल्याबरोबर त्यांनी पाटलाला फास बसण्याची कारणे सांगायला सुरुवात केली. चुलतभावाशी बांधाचा वाद आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्यांनी एका गटाशी वाईटपणा घेतला. दारूची भट्टी पकडून दिली, ती दुसऱ्याचीच निघाली. प्रत्येक वळणावर एक नवा संशयित. गाव येईपर्यंत माझ्या मनात निम्म्या गावाला अटक झाली होती. रस्ता खड्ड्यांचा, दोन्हीकडे शेंगांनी भरलेली तूर, आणि माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र: कुठल्यातरी झाडाखाली एक माणूस टाचा घासतो आहे आणि आमची गाडी अजून दुसऱ्या गिअरमध्ये आहे.

गाडी थेट पाटलांच्या दारात नेऊन लावली. ती पूर्ण थांबायच्या आधी मी उडी मारली. ओट्यावर पाटील. हातात बशी. भरदार मिशा, पांढरा सदरा, खांद्यावर पंचा. गळा अगदी सुस्थितीत.

मी त्यांना खबर सांगितली. लोक जमले होते, ते हसले. एक म्हातारा म्हणाला, पाटलाचं आयुष्य वाढलं. सगळे हसले, पाटील सोडून.

इथे मी वाचकांना माझ्या धंद्यातले एक निरीक्षण फुकट देतो. एखाद्या माणसाला सांगा, की तुम्हाला गळफास बसल्याची खबर आहे. तो शहाणा असो की वेडा, त्याचा हात आपसूक गळ्याकडे जातो. या गृहस्थांचा हात गेला नाही. त्यांची नजर गेली, ती घरामागच्या टेकाडाकडे. त्या टेकाडापलीकडे त्यांचे शेत होते, आणि शेताला लागून जुने रान.

मग ते चिडले. पोलीस पाटलाची अशी बदनामी म्हणजे शासनाची बदनामी, फोन करणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला पाहिजे, वगैरे. हे सगळे ते उभे राहून, चप्पल घालता घालता बोलत होते. म्हणाले, "तुमी चाय घ्या साहेब, मी शेतातून येतोच. मोटार चालू राह्यली." मी म्हणालो, लाइट तर अख्ख्या भागात सकाळपासून गेलेली आहे, मोटार कशी चालू राहील? त्यावर ते म्हणाले, येईल ना कधीतरी.

मला काहीच कळले नव्हते. पण एवढे कळले, की या माणसाला आत्ता शेतात जाऊ द्यायचे नाही. मी त्यांना हाताला धरून बसवले आणि म्हणालो, बदनामी गंभीर आहे, तक्रार सविस्तर लिहून द्या. जमादारांना कागद काढायला लावला. जमादारांचे अक्षर फार सुंदर, आणि सौंदर्याला वेळ लागतो.

तक्रार चालू असताना मी अंगणात गेलो आणि खबर देणाऱ्या बाईचा नंबर अंमलदाराकडून घेऊन स्वतःच्या फोनवरून लावून पाहिला. आता तो लागला. आणि कुंपणापलीकडच्या गर्दीत एका बाईच्या कमरेच्या पिशवीतून लग्नाच्या बँडची धून वाजू लागली. बाजूच्या बायका तिच्यापासून दूर सरकल्या. तिने फोन बंद केला नाही, पळालीही नाही. डोळे विस्फारून नुसती माझ्याकडे पाहत राहिली, जशी काही चोरी मीच केली होती.

ती पाटलांच्या सालदाराची बायको. सालदार म्हणजे वर्षाच्या कराराने शेतावर राबणारा गडी. ती राहायची तीही पाटलांच्याच जागेतल्या दोन खोल्यांत. बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचे नसते, तिच्याच घरी विचारपूस करायची असते, आणि सोबत महिला पोलीस लागते. महिला पोलीस मंगरूळपीरला बंदोबस्तावर. म्हणून मी पत्नीला गाडीतून उतरवून बाईशेजारी बाजेवर बसवले. जमादारांना बोलावून घेतले आणि तक्रारीच्या मधोमध थांबलेल्या पाटलांजवळ चालकाला ठेवले.

मी विचारले, फासात कोण आहे?

"पाटील."

तुम्ही डोळ्यांनी पाहिले?

"पायलं नं. सकाळीच पायलं."

मी म्हणालो, बाई, पाटील ओट्यावर बसून चहा पिताहेत.

"थे पाटील नाही, साहेब. पाटील."

हा खुलासा जमादारांनी शब्दशः लिहून घेतला. माझ्या मनात आले, गावात या आडनावाची आणखी घरे असतील. नातेवाईक असेल, पाहुणा असेल. अनोळखी इसमाबाबत विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. झोपेतून उठवले तरी मी ते क्रमाने विचारू शकतो. मी सुरू केले. वय? "जवान हाये." बांधा? "मजबूत." रंग? बाई म्हणाली, "पिवळा." जमादारांनी क्षणभर विचार केला आणि 'वर्ण गोरा' असे लिहिले.

अंगावर कपडे कोणते?

बाईने आधी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या पत्नीकडे, मग परत माझ्याकडे.

"त्याले कायले कपडे पायजे, साहेब?"

जमादारांनी लिहिले, 'विवस्त्र.' एक तरुण, धडधाकट, उघडा माणूस सकाळपासून फासात तडफडतो आहे, आणि गावचा पोलीस पाटील त्या दिशेला एकटा जाऊ पाहतो आहे. प्रकरण माझ्या कल्पनेपेक्षा फारच भयंकर निघत होते. मी खालच्या आवाजात विचारले, हातपाय बांधलेत का?

"समोरचा एक पाय अडकला. बाकीचे तीन मोकये हायेत."

जमादारांचा पेन थांबला. मग माझी पत्नी ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, बिबट्या."

बाईने तिच्या तोंडावर हात ठेवला. "नाव नोका घेऊ, ताई."

तर असा उलगडा झाला. जुन्या रानाला लागून असलेल्या गावांत त्या जनावराचे नाव कोणी तोंडाने घेत नाही. घेतले तर ते येते, अशी समजूत. म्हणून त्याला पाटील म्हणतात. गावाला एक पाटील, रानाला एक पाटील. दोघांपैकी कोणाबद्दल बोलणे चालू आहे, हे तिथल्या लहान लेकरालाही कळते. कळत नाही ते फक्त सोलापूरच्या ठाणेदाराला, आणि जमादारांना, जे कारंज्याच्या बाजारपेठेत वाढले होते. फासही तोच आपला रोजचा शब्द. डुकरांसाठी कुंपणात लावतात तो तारेचा फास. बाईने खबर चोख दिली होती. एका अक्षराची चूक नव्हती.

आता ती धडाधड बोलू लागली. तिला आमच्या मूर्खपणाचा अर्थ भलताच लागला होता. "मी तुमाले फोन केला, आन् तुमी सिद्दे त्याच्याच दारात गाडी लावली. मले वाटलं, त्याले मियालेलेच हायेत सारे."

तिने सांगितले ते असे. तुरीत रानडुकरे शिरत होती. पाटलाने सालदाराला कुंपणात तारेचा फास लावायला सांगितले. डुकराऐवजी पहाटे रानचा पाटील अडकला. सालदाराने पळत येऊन मालकाला सांगितले. मालक म्हणाला, कोणी बघायच्या आत संपव आणि नाल्यात पुरून टाक. सालदार परत गेला, पण त्याच्याने ते होईना; मालकाने दोनदा येऊन बजावले तरीही. तेव्हापासून तो काठी घेऊन थोड्या अंतरावर बसून होता; कुत्र्यांना हाकलत होता, मारतही नव्हता आणि घरीही येत नव्हता. जनावर मेले, तर कायद्याने ती शिकार. तार लावणारा हात सालदाराचा. तो मालकाचे नाव घेणार नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. घर मालकाचे, काम मालकाचे, पुढचे सालही मालकाच्याच हातात.

"एकटा जाईन माहा घरधनी जेलात," ती म्हणाली. रडली नाही. पत्नीचा हात मात्र तिने सोडला नव्हता.

मी वनखात्याला फोन केला. बेशुद्ध करायची बंदूक आणि पशुवैद्य अकोल्याहून यायचे होते. तोवर आम्ही शेतात पोचलो.

आयुष्यात मी बिबट्या प्रथम पाहिला तो असा. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, करवंदीच्या जाळीला पाठ लावून, पुढचा पाय तारेत. तो गुरगुरत नव्हता, फक्त बघत होता. आणि त्याच्या बघण्यात असे काहीतरी होते, की माझी पत्नी, जिने सकाळपासून त्याचा जप लावला होता, माझ्या मागे येऊन उभी राहिली. थोड्या अंतरावर तो सालदार उकिडवा बसलेला. त्याने आम्हाला पाहून हात जोडले आणि विचारायच्या आधी म्हणाला, "मी माह्याच मनानं लावला, साहेब. मले कोनं सांगतलं नाही." बायकोकडे त्याने पाहिले नाही.

त्यानंतरचा काळ माझ्या नोकरीतला सर्वांत लांब काळ होता. पोलिसाला धावायची सवय असते, थांबायची नसते. गर्दी वाढत होती. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, प्रत्येकाला जवळून फोटो पाहिजे. कोणी पुढे सरकला की जनावर उसळायचे, तार आणखी आत जायची, आणि सालदाराची बायको डोळे मिटायची. मी ओरडून ओरडून घसा बसवला. पत्नीने माझी काठी घेतली आणि शाळेत वापरायचा आवाज काढून एक अख्खी बाजू मागे रेटली. मी दर थोड्या वेळाने अकोल्याच्या पथकाला फोन करत होतो. शेवटी त्यांच्या चालकाने मला सांगितले, की साहेब, तुमचा फोन घ्यायला मला गाडी थांबवावी लागते.

वनखात्याचे क्षेत्र अधिकारी पोचले तेव्हा चालकासोबत पाटीलही तिथे आले. तेच माझ्याकडे येऊन अगदी मायेने म्हणाले, "गरीब मानूस हाये, साहेब. अडानी हाये. चुकला बिचारा. जरा सांभायून घ्या त्याले." दुसऱ्याच्या गुन्ह्याबद्दल इतक्या तातडीने दया मागणारा माणूस दिसला की मी त्याचे हात बघतो. हात पाठीमागे घट्ट धरलेले होते. पण हाताच्या मुठीवरून गुन्हा शाबीत होत नाही. बायकोचे बोलणे ऐकीव. सालदार पुन्हा पुन्हा तेच सांगत होता: माझ्याच मनाने. क्षेत्र अधिकाऱ्यांनी त्याला तीनदा विचारले, मी दोनदा विचारले. तो दर वेळी मालकाकडे बघायचा आणि तेच बोलायचा.

शेवट सांगण्याआधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला नको. जनावर वाचले. जखम कातडीपुरती होती. अंधार पडायच्या आत जुन्या रानाच्या तोंडाशी पिंजऱ्याचे दार वर ओढले, आणि ते मागे न बघता गेले. पाटलाचे पद गेले आणि खटला त्याच्यावर उभा राहिला. सालदार कोर्टात उभा राहिला तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, आरोपीच्या नव्हे. दुसऱ्या गावात त्याला सालही मिळाले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. एक तर हे, की खबर चुकीची वाटली तर आधी आपले कान तपासावेत. आपण शब्द ऐकतो आणि अर्थ आपल्या गावचा लावतो. पुढे प्रत्येक नव्या ठाण्यात गेल्यावर मी हद्दीतल्या गुंडांच्या यादीआधी, इथे कशाला काय म्हणतात, ते विचारू लागलो. दुसरे असे, की माणूस तोंड उघडतो ते आपल्या प्रश्नाने नाही. आम्ही उगाच आमच्या प्रश्नांचा अभिमान बाळगतो. त्या सालदाराला आम्ही कायद्याची भीती घातली, बायकोची शपथ घातली, सुटकेचे आमिष दाखवले. त्याच्या आत जे अडकून बसले होते त्याला आमच्यापैकी कोणाचाच हात पोचला नव्हता.

ते सुटले ते असे. अकोल्याचे पथक आले. पहिले इंजेक्शन हुकले, दुसरे बसले. जनावराची मान हळूहळू खाली आली. पशुवैद्य वाकून जवळ गेले, तार कापली, जखम धुतली. क्षेत्र अधिकारी, दोन पंच, मी, जमादार, सगळे भोवती उभे. वैद्यांनी पोटाखाली हात घालून पाहिले आणि सहज म्हणाले, "मादी आहे. पाजती आहे. पिल्लं इथंच जवळपास असणार."

सकाळपासून उकिडवा बसलेला सालदार उठून उभा राहिला. त्याने त्या जनावराकडे पाहिले, मग पहिल्यांदाच आपल्या बायकोकडे, आणि मग पाटलाकडे वळून, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने बोलून गेला:

"मालक, लेकुरवायी व्हय नं थे, आन् तुमी मले सकाळपासून मारून टाक, मारून टाक म्हनून राह्यले होते."